‘डिस्चार्ज झाला, आता मीटिंग कशाला?’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाला कसं सांभाळावं, हे शिकवणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. तो माझ्या वहिनीकडे पोचला. माझा भाऊ नुकताच केंद्रातून घरी आलाय. वहिनीने मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, यातली गोळी चिठ्ठीशिवाय मिळते का?’ त्यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कोर्स पूर्ण झाला की शरीर शुद्ध होतं, म्हणजे माणूस बरा झाला. पुढचं सगळं इच्छाशक्तीवर. व्यसन सोडणाऱ्यांच्या गटांच्या मीटिंगांना पाठवू नका, तिथे दारुडेच भेटतात. बाहेर कुणाला कळू देऊ नका. एकदा जरी प्यायला तरी उपचार वाया गेले. तसं होऊ नये म्हणून जेवणातून गुपचूप गोळी द्या. आणि वर्षभर नीट राहिला की एखादा पेग चालतो.

गोळीपासूनच सुरुवात करते, कारण या सल्ल्याने जीव जाऊ शकतो.

ही गोळी म्हणजे डायसल्फिरॅम. दारू पोटात गेली की यकृतात तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि मग एक एन्झाइम ते मोडून टाकतं. डायसल्फिरॅम त्या एन्झाइमला अडवतं. मग दारू प्यायल्यावर ते विष रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. प्रतिक्रिया तीव्र असेल तर हृदयविकाराचा झटका, फिट्स आणि मृत्यूसुद्धा. हे औषध उपयोगी पडतं ते मुख्यतः एकाच कारणाने: गोळी घेणाऱ्याला माहीत असतं की आज प्यायलो तर काय होईल, म्हणून तो पीत नाही. ज्याला माहीतच नाही त्याला थांबायचं काय कारण? तो नेहमीसारखा पिणार, नेहमीइतकीच पिणार.

या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात अगदी वर, चौकटीत इशारा छापलेला आहे: रुग्ण दारूच्या नशेत असताना किंवा त्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय हे औषध कधीही देऊ नये, आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना तशी ताकीद द्यावी. नातेवाइकांचा उल्लेख त्या चौकटीतच आहे. शिवाय गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. या काळात अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी त्रास होऊ शकतो, आणि ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो बाटलीवरचा मजकूर कशाला वाचेल? अत्यवस्थ होऊन दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांना काय झालंय हेही तो सांगू शकणार नाही. हृदयविकार असलेल्याला ही गोळी देत नाहीत. ती यकृतालाही इजा करू शकते, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात आणि नंतरही तपासत राहतात. जेवणात मिसळणारा यातलं काय तपासणार?

आणि हे उघड झालं की, जे उघड होतंच, तो माणूस घरातलं अन्न घ्यायला घाबरेल. केंद्रातून आलेल्या माणसाचा घरावरचा आणि घराचा त्याच्यावरचा विश्वास आधीच तुटलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी हळूहळू जोडायच्या काळात बायकोच्या हातून असं काही घडावं?

औषधांनाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. हीच गोळी डॉक्टरांनी दिली, रुग्णाने समजून होकार दिला आणि घरातलं कुणीतरी रोज समोर उभं राहून ती घ्यायला लावलं, तर तिचा चांगला उपयोग होतो. नॅलट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली ती दारूच्या व्यसनासाठी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तीही चिठ्ठीनेच घ्यायची. अफू किंवा हेरॉइनच्या वर्गातलं काही अंगात असताना नॅलट्रेक्सोन घेतलं, तर एकदम जोराचे विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारे त्रास, सुरू होतात. कोणाला काय द्यायचं हे मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचं असतं, मेसेजने नाही.

आता मीटिंगा. ‘तिथे दारुडेच भेटतात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. तिथे भेटतात ती दारू सोडलेली किंवा सोडायला धडपडणारी माणसं. अशा मीटिंगा चालवणारं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) 1935 साली सुरू झालं तेच दोन दारुड्यांच्या भेटीतून. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे सर्जन. बिलला दारू सोडून काही महिने झाले होते आणि परगावात पुन्हा तलफ दाटून आली, तेव्हा त्याने आपल्यासारखाच दुसरा माणूस शोधला. या भेटीची गरज बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याइतकीच होती, आणि मीटिंगांतलं शेअरिंग आजही तसंच चालतं. तिथे दारूची आठवण निघते हे खरं, पण ती तलफेसकट, लाजेसकट मोठ्याने सांगितली जाते. एकट्याच्या डोक्यात येणारी आठवण फक्त पहिल्या घोटाची असते.

शिवाय हे केवळ माझं मत नाही. 2020 साली उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्या अभ्यासांत मिळून 10,565 माणसं होती. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीसारखे (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे) इतर उपचार यांची तुलना केली, तेव्हा वर्षाअखेर पूर्णपणे दारूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे 42 टक्के आणि दुसऱ्या गटात 35 टक्के निघालं. हा फरक मोठा आहे, कारण ही तुलना प्रशिक्षित तज्ज्ञांच्या उपचारांशी होती. मेसेजवाला सांगतो त्या ‘काहीच करू नका’शी नव्हती.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की प्रत्येक गट प्रत्येकाला मानवत नाही. 42 टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं त्यात बसली नाहीत. हा आढावा दारूपुरता आहे, सगळ्या नशांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. एएमधली देवाची भाषा काहींना जड जाते. एखाद्या गटात जुना सदस्य मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर म्हणून सांगतो. खुद्द एएचं अधिकृत म्हणणं आहे की सदस्यांनी डॉक्टर बनू नये, तेव्हा असा सल्ला ऐकायचा नाही आणि गट बदलायचा. स्मार्ट रिकव्हरी हा 1994 सालापासूनचा, देवाचा आधार न घेणारा पर्याय आहे. बायकांसाठी वेगळे गट आहेत. ऑनलाइन मीटिंगा आहेत. एका मीटिंगवरून निकाल लावू नका, दोन-चार ठिकाणी बसून पाहा. आणि मेसेजमधली भीती पुरती खोटीही नाही: पिण्याची संगत खरोखर तोडावी लागते. पण ती तोडल्यावर रिकामी पडणारी संध्याकाळ कशाने भरायची, हे मेसेज सांगत नाही.

‘एकदा प्यायला तर उपचार वाया’ हे वाक्य वरवर कडक शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात ते एका स्लिपचा, म्हणजे एकदा पाय घसरण्याचा, पूर्ण रिलॅप्स करायला, म्हणजे माणूस पुन्हा व्यसनात पडायला, मदत करतं. अ‍ॅलन मारलॅट या मानसशास्त्रज्ञाने हे नेमकं मांडलं होतं: एक घोट गेला की माणूस स्वतःलाच म्हणतो, सगळं संपलं, आता थांबून काय उपयोग. त्या लाजेपोटी तो पुढची बाटली उघडतो. घरचेही तेच म्हणायला लागले की परतायची वाटच बंद. हेरॉइनसारख्या नशेत तर हे प्राणावर बेततं. नशा बंद असलेल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो, आणि उपचारांतून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यासाठी सर्वांत धोक्याचे. अशा वेळी लपवायला शिकवायचं की ‘झालं तर लगेच सांग, आम्ही ओरडणार नाही’ असं म्हणायचं? स्लिप झाली तर त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करायचा.

‘कुणाला कळू देऊ नका’ हाही त्याच जातीचा सल्ला. गल्लीभर सांगा असं कुणीच म्हणत नाही. पण रात्री अकरा वाजता तलफ आली तर फोन उचलेल असं एक तरी माणूस घराबाहेरचं हवं. एएत स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला आधार देणारा जुना सदस्य, असतो तो यासाठी.

इच्छाशक्ती लागतेच, पण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपुढे ती सगळ्यांचीच ढिली पडते, म्हणून केंद्रात हे चार शब्द घोकून घेतात. ‘शरीर शुद्ध झालं’ एवढंही खरं आहे, पण ती पहिली पायरी. झोप, मूड आणि तलफ ताळ्यावर यायला पुढे कित्येक महिने लागतात. आणि वर्षानंतरच्या पेगबद्दल एवढंच की केंद्रात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भरती झालेल्यांना विचारा. ‘आता कंट्रोल जमेल’ या विचारातूनच घसरलो, असं सांगणारे त्यांत नक्की भेटतील.

डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. फॉलोअपची तारीख कोणती? औषधं कोणती, किती दिवस, बंद कोणी करायची? जवळची मीटिंग कोणत्या वारी असते, आणि पहिल्या वेळी सोबत कोण जाणार? रात्री-बेरात्री कोणाला फोन करायचा? आणि घरच्यांसाठी कोण आहे? दारूचं व्यसन असलेल्या माणसाच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा गट 1951 सालापासून चालू आहे. तिथे जायला नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही आणि त्याची परवानगीही लागत नाही.