गाळा बघायचाय?

निवृत्त माणसाच्या हातात भविष्य निर्वाह निधीचे पैसे आले, की ते कुठे गुंतवावेत हे त्याला सोडून सगळ्यांना कळतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचा एकच जप होता : "फ्लॅट नको, गाळा घ्या. फ्लॅटचं भाडं दोन-अडीच टक्के, गाळ्याचं पाच-सहा." सांगणाऱ्यांपैकी एकाकडेही गाळा नव्हता. तरी एजंटला फोन केला.

तो थेट उलव्याला घेऊन गेला. गाळा इमारतीच्या मागच्या अंगाला, समोर ट्रान्सफॉर्मर.

"२१० फूट आहे साहेब."

मी पावलांनी मोजला. कितीही लहान पावलं टाकली तरी १२५ च्या वर जाईना.

"ते कार्पेट झालं. मी सुपर बिल्ट-अप सांगतोय."

२०१७ साली रेरा हा घरबांधणीचा कायदा आला आणि भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर, सांगायचा असं ठरलं. पण एजंटच्या जिभेवरचे उरलेले ८५ फूट काही गेले नाहीत. त्यात लॉबी आली, जिना आला, बहुधा ट्रान्सफॉर्मरही आला असावा.

किंमत ६० लाख. आणि भाडं? "सध्या चौदा हजार धरून चाला." वर्षाचे १ लाख ६८ हजार, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत! त्यातून मालमत्ता कर आणि मेंटेनन्स जायचा. शिवाय जमीन सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. म्हणजे मालक झालो तरी मीही एका अर्थी भाडेकरूच.

"साहेब, आजचं काय बघता? एअरपोर्ट बघा!"

नवी मुंबईच्या या विमानतळावर आमच्या भागातल्या एजंटांच्या दोन पिढ्या जगल्या. भूमिपूजन २०१८ साली झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि विमानं उडाली २५ डिसेंबरला. मला वाटलं, आला एकदाचा, आता तरी भाव जमिनीवर येतील. पण पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सगळे टप्पे झाले की ती ९ कोटींवर जाणार. एजंट त्या ९ कोटींवर जाऊन बसला होता.

"एक टक्का पब्लिक जरी इकडे वळलं तरी नऊ लाख झाले!"

"विमानातून उतरलेला माणूस बॅगा ओढत या ट्रान्सफॉर्मरपाशी कशाला येईल?" हिने विचारलं. एजंटने हिला कोल्ड्रिंक मागवलं.

मग बँक. घरकर्ज म्हटलं की हसून खुर्ची देणारे साहेब 'गाळा' म्हटल्यावर एकदम सरळ बसले. घर ३० लाखांच्या आतलं असेल तर ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. गाळ्याला त्याहून बरंच कमी, आणि वर व्याज जास्त. भाडं पावणेतीन टक्के आणि व्याज त्याच्या तिपटीहून अधिक, हे गणित मी तिथल्याच पावतीच्या पाठीवर मांडलं. साहेबांनी पावती परत मागितली.

बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, असं एका स्नेह्यांनी छातीठोक सांगितलं होतं. ती सवलत फक्त राहत्या घराला. किंमत ५० लाखांवर असल्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का आयकर (टीडीएस) मी कापायचा, मीच सरकारात भरायचा, आणि तो माणूस मात्र माझ्याकडे चोरासारखा बघणार.

शेवटी एजंटला त्याच्या ऑफिसात गाठलं. ऑफिस म्हणजे जिन्याखाली भाड्याने घेतलेलं एक टेबल. म्हटलं, "गाळा घेतो. पण भाडेकरू तुम्ही व्हा. चौदा हजार. एअरपोर्टचं पब्लिक तुमच्याच दारात."

त्याने पंखा वाढवला.

"मी सात देईन साहेब. आत्ता इकडे गिऱ्हाईक कुठंय?"