पंखा चालूच ठेवा, एडिटमध्ये बघू!

कालच एक झिप फाइल आली. आत एका गेमिंग कॉमेडी स्केचच्या ६२ क्लिप्स, एकीलाही धड नाव नाही, आणि सोबत निरोप : "फक्त ऑडिओ जरा क्लीन कर, बाकी सगळं रेडी आहे." इतकी निवांत माणसं पाहिली की वाटतं, ही विद्या अशी चार मित्रांत कोंडून राहता कामा नये. तेव्हा कमी बजेटमध्ये गेमिंगवर स्केच करू पाहणाऱ्या समस्त होतकरूंसाठी हा प्रसाद.

आधी विनोद. तो शोधायचा नसतो, तयार असतो : "आई, ऑनलाइन गेम पॉज होत नाही गं!" पब्जी या मोबाइल गेमवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने पुनर्जन्म झाला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून उडाला, मे २०२३ मध्ये परत आला. आईचा विनोद मात्र एक दिवसही ऑफलाइन गेला नाही. आईच्या भूमिकेत दाढीवाला मित्र, डोक्यावर बहिणीची ओढणी, हातात लाटणं. झालं कास्टिंग.

न्यूझीलंडच्या व्हिवा ला डर्ट लीग या गेमिंग स्केच करणाऱ्या टोळीसारखा खुळेपणा करू नका. ती मंडळी गेममधला एकच नियम उचलतात (कितीदाही विचारा, गावकरी तेच वाक्य बोलणार) आणि त्याच्याभोवतीचं सगळं गंभीर चेहऱ्याने खरं असल्यासारखं वागवतात. गावाचा सेट बांधत न बसता ऑकलंडमधल्या हॉविकच्या जुन्या गावाच्या संग्रहालयात जाऊन शूट करतात. त्या हिशेबाने आपल्याकडे एक टेबल, एक स्टॅम्पपॅड आणि "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" एवढ्यावर अख्खा एनपीसी (गेममधलं तेच ते वाक्य बोलणारं पात्र) फुकटात उभा राहतो. पण नको, त्यात विचार करावा लागतो. तुम्ही आपले तीन मिनिटांत कॅम्पर, लॅग, नूब, एअरड्रॉप, पोचिंकी आणि चिकन डिनर (म्हणजे पब्जीतला विजय) असले गेममधले सगळे शब्द कोंबा.

गेममधलं लेव्हल थ्री हेल्मेट थर्माकोलचं करा आणि त्यावर थेट स्प्रे पेंट मारा. रंगातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, त्यामुळे शूट सुरू व्हायच्या आत हेल्मेटला एकही गोळी न लागता फुल डॅमेज मिळतो. आधी फेविकॉलचे दोन हात देऊन ते वाळू द्यायचे, किंवा सरळ ईव्हीए फोमची शीट कापायची, असल्या गोष्टी गणपतीचं मखर करणाऱ्या कुणालाही माहीत असतात. त्यांना विचारायला जाऊ नका, कमीपणा येतो.

खेळण्यातली बंदूक घेऊन भर दुपारी सोसायटीच्या गच्चीवर जा. सेक्रेटरींना कळवू नका.

ग्रीन स्क्रीनसाठी हिरवं कापड घडीच्या सुरकुत्यांसकट टांगा आणि नटाला त्याला टेकवून उभं करा. पाच-सहा फूट पुढे उभं केलं तर कापडाची हिरवी झाक अंगावर येत नाही आणि कापडावर वेगळा, सारखा उजेड टाकता येतो. पण हॉलमध्ये सोफा असतो, तो कोण हलवणार? शिवाय सैनिक दाखवायचाय, तेव्हा त्याला हिरवी आर्मी प्रिंटची पँट घालाच. एडिटमध्ये हिरवा रंग उडवला की पायही जातात आणि अर्धा माणूस पब्जीच्या एरांगेल नकाशावर तरंगतो.

गेमप्ले रेकॉर्ड करताना डू नॉट डिस्टर्ब लावू नका. ऐन हेडशॉटला वरून "येताना दही आण" उतरलं पाहिजे.

स्लो मोशन हवंच, तेही घरातल्या उजेडात, सेकंदाला २४० फ्रेम्समध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, २४० फ्रेम्सना कळतं. साध्या शॉटलाही शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर दिव्यांची फडफड थांबते, पण त्यासाठी कॅमेऱ्याचा प्रो मोड उघडावा लागतो आणि तिथे सगळं भीतीदायक दिसतं.

आता आवाज. आवाजाचं काय एवढं? लोक व्हिडिओ 'बघतात', ऐकतं कोण! फोन आठ फुटांवर ट्रायपॉडला लावा आणि त्याच्याच माइकवर बोला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. एका फुटावरून आठ फुटांवर म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले. बंद खोलीत थोडे कमी जातील, कारण उरलेला आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणजे वर घुमारा फुकट. पंखा मात्र डोक्यावर जिथे होता तिथेच आहे. त्यात फोनचं ऑटो गेन इतकं सेवाभावी, की पंचच्या आधी तुम्ही अर्धा सेकंद थांबलात रे थांबलात, ते लगेच आवाज वाढवून पंख्याला पुढे आणतं. ज्या शांततेवर हसू यायचं, तिथे घरघर.

कॉलर माइक दोन-तीनशे रुपयांत मिळतो. घेतलाच तर पिन बघू नका. पिनेवर तीन रेघा असल्या तर तो फोनला चालतो. दोन रेघांचा कॅमेऱ्यासाठी असतो, तो फोनमध्ये बसतो व्यवस्थित, पण फोन त्याला ओळखत नाही आणि निमूटपणे स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. शूट संपेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. माइकवर नख खरवडायचं आणि रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकायचं, दहा सेकंदांचं काम आहे. दहा सेकंद! लॉबीत मॅचमेकिंगची वाट बघत तुम्ही पाच-पाच मिनिटं बसता ना?

माइकच नसेल तर दुसरा फोन आहे. एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून तो शर्टच्या वरच्या खिशात ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फाइली जुळवता येतात. आणि तुमच्या नटांच्या तोंडावर तर हेल्मेट आहे! २००३ मध्ये हेलो गेममध्येच शूट करून 'रेड व्हर्सेस ब्लू' ही वेब मालिका करणाऱ्यांनी हेल्मेटाचाच फायदा घेतला. हेल्मेटात ओठ दिसत नाहीत, तेव्हा जो बोलतोय त्याचं डोकं हलवायचं आणि आवाज नंतर द्यायचा. लिप सिंकचा प्रश्नच नाही. कपाटात, लटकवलेल्या कपड्यांत तोंड घालून डब केलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. काच वर करून, चेहरा दाखवत, पंख्याखाली, मागे स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना बोललात. का, तर "फेस दिसला पाहिजे भाई".

वर म्हणे, "एआय करतं ना आता." पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी निघते, हो. पण ती शब्दांवर फार चढलेली असली की तिच्याबरोबर 'स', 'श', 'ख' घासले जातात आणि माणूस बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मिक्सर किंवा कुकरची शिट्टी थेट शब्दावर आली की शब्दच जातो. आणि उघड्या भिंती, टाइल्सची जमीन असलेल्या खोलीतला घुमारा? तो आवाजात विरघळलेला असतो. चहात पडलेली साखर काढून दाखवा, मग तोही पूर्ण काढून देतो. दोन गाद्या उभ्या करून समोर एक रजई पसरली असती तर हा प्रश्न आलाच नसता.

आणि क्लिप्स व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणूनच पाठवा, म्हणजे त्या पुरेशा चिरडल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते, हे माहीत असूनही. फोनचा फ्रेम रेट वर-खाली होत असतो, त्यामुळे लांब क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज फारकत घेतात. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्यायचं असतं. तेही एडिटमध्येच. सगळं एडिटमध्येच.

अरे, पंख्याचं एक बटण आहे रे ते. दाराशेजारी, हाताच्या उंचीवर. चार जणांचं स्क्वॉड होतं तुमचं, एकालाही उठून ते दाबावंसं वाटलं नाही? घाम येतो म्हणे. दोन मिनिटांचा टेक असतो, कट झाल्यावर लावा की पंखा! तुम्ही न दाबलेल्या एका बटणापोटी इथे दुसऱ्याचे तीन रविवार जातात, आणि मोबदला काय, तर "पार्टी देऊ" आणि डिस्क्रिप्शनमध्ये नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने. शूटच्या शेवटी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करा, असं आधी लिहून दिलं होतं. ती क्लिप आली आहे. तिच्यात तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी "चिकन डिनर!" म्हणून ओरडलंय आणि उरलेली २७ सेकंद सगळे हसताहेत.

ती झिप आता परत उघडली जाणार नाही. गच्चीचा सीन ठेवा, बाकीचं घरातलं सगळं परत शूट करा. फाइलींना नावं द्या. आणि स्वयंपाकघरातल्या काकूंना विचारा, मिक्सर किती वाजता लावतात.