छाटणी की तोड?

गेल्या वर्षी मे महिन्यात आईचा फोन आला. "अगं, आपला बूच पाडला," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. पुढचे दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही.

एरंडवण्यातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत बाबांनी 1979 साली ते झाड लावलं होतं. पावसाळा सरला की सकाळी खाली फुलांचा पांढरा सडा पडलेला असायचा. लांब देठांची ती फुलं, त्यांना सुईदोरा लागत नाही. देठात देठ अडकवून आम्ही मुली वेण्या करायचो आणि शाळेत पोचेपर्यंत त्या वासाने डोकं भरून जायचं. बुचाचं लाकूड मात्र ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून दर उन्हाळ्यात छाटणी ठरलेली. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, "मंगळवारी ट्री कटिंग आहे, गाड्या काढून ठेवा." आईला वाटलं, नेहमीचंच. ती निर्धास्तपणे मावशीकडे साताऱ्याला गेली. परत आली तर जमिनीलगत ओला बुंधा उरला होता.

सगळं रीतसर झालं होतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड तोडायचं तर परवानगी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, लोकांना हरकत घेता येते. आमच्या बुचावरही नोटीस होती, भिंतीकडच्या बाजूला. तिच्यात स्वच्छ मराठीत 'तोडणे' असं लिहिलेलं होतं. पण नोटीस वाचायला झाडामागे कोण जातं? सगळ्यांनी वाचला तो ग्रुपवरचा निरोप. त्यात 'तोड' असती तर आईने साताऱ्याचं तिकीट रद्द केलं असतं आणि हरकतीचा अर्ज स्वतः नेऊन दिला असता, याबद्दल मला जराही शंका नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, शब्दावरून कशाला एवढं? अर्थ कळल्याशी मतलब." माझं म्हणणं तेच आहे, की अर्थ कळला नाही.

मराठीत कापण्याची क्रियापदं किती आहेत हे मला परदेशात आल्यावर लक्षात आलं. माझ्या मुलीला मराठी शिकवताना मी 'कट कर' म्हणायचे. पुण्याला सुटीत गेलो की आई तिला विळीसमोर बसवायची. कांदा चिरायचा, काकडी चोचवायची. आई सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हातातल्या सुरीने तिच्यावर टकटक घाव घालायची आणि मग वरचे बारीक तुकडे पातळ काढून घ्यायची. पाणी ताटलीत ओघळायचं, वास घरभर व्हायचा. मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, हे कटिंग नाहीये." आठ वर्षांच्या मुलीला दिसलं ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. कोथिंबीर चिरायची, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, ऊस तोडायचा, ज्वारी कापायची, लाकूड तासायचं, कागद कातरायचा, कापड बेतायचं. बेतणं म्हणजे नुसती कात्री चालवणं नव्हे. माप, कापडाचा पन्हा आणि शिलाईला सोडायची जागा हे सगळं मनात धरून मग कात्री लावणं. या एका शब्दात शिंप्याचं अर्धं कसब आहे.

इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही. कटिंग चहा हा आपला शब्द आहे. अर्धा चहा मागायला इथे कोणी कटिंग म्हणत नाही आणि मी म्हटलं तर कोणाला समजणार नाही. परका शब्द घेऊन आपल्या रस्त्यावर आपण त्याला नवा अर्थ दिला. 'कटिंग-दाढी'ही तशीच घरची झाली. कलम हा शब्द तर अरबी-फारसीकडून आला आणि इतका मुरला, की लेखणी, कायद्यातलं कलम आणि हापूसचं कलम या तिन्हींना तोच चालतो. शब्द येऊ देत. त्यांनी भर घालावी. 'कट करणे'ने मात्र डझनभर शब्दांना उठवून एकट्याने जागा अडवली आहे.

ज्यांचा शब्द म्हणून आपण तो वापरतो, ते तो असा वापरत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. इथे संरक्षित झाडाला हात लावायचा तर कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो आणि काय करणार ते नेमकं लिहावं लागतं. झाड पाडायचं असेल तर 'फेल', छाटायचं तर 'प्रून', बाजूच्या फांद्या उतरवायच्या तर 'लॉप'. मोघम अर्ज दाखलच होत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीजवळचं सिकॅमोर गॅपचं प्रसिद्ध झाड दोघांनी रात्री करवतीने पाडलं. 2025 मध्ये त्यांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या बातम्यांत 'फेल्ड' हा शब्द वारंवार भेटला.

'कटिंग' इथे वेगळ्याच ठिकाणी भेटतो. रेडिंगहून लंडनला जाताना गाडी सॉनिंग कटिंगमधून जाते. ब्रुनेल या इंजिनियरच्या रेल्वेसाठी 1830 च्या दशकाअखेर मजुरांनी कुदळ-फावड्याने खणलेली ती खिंड आहे, जवळजवळ दोन मैल लांब. वर्तमानपत्राच्या कात्रणालाही कटिंगच म्हणतात. माझ्या आजोबांची कात्रणांची वही मी इकडे आणली आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्यानंतरच्या आठवड्याची पानं त्यात आहेत. आणि शेजारच्या आजीबाईंनी दह्याच्या रिकाम्या डब्यात फ्यूशिया या फुलझाडाची एक काडी लावून दिली, तीही कटिंग. जगावी म्हणून कापलेली. तेच नाव आमच्या बुचाच्या वाट्याला आलं.

महाराष्ट्रात सध्या मराठीवरून खूप वाद चालू असतात. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, दुकानांच्या पाट्या, पहिलीपासूनची हिंदी आणि तो मागे घेतलेला शासन निर्णय. मी इथून सगळं वाचते आणि बहुतेकदा मराठीच्या बाजूने उभ्या असलेल्यांशी सहमत असते. पण पाटीवरची मराठी मोजणं सोपं आहे. स्वयंपाकघरातून क्रियापद गेलं तर त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. आपण सरकारी मराठीला बोजड म्हणतो, तिची टिंगल करतो. आमच्या बाबतीत त्या नोटिशीतली सरकारी मराठीच खरं बोलत होती, आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी गुळमुळीत निरोप पाठवला. तो पाठवणारे काका वाईट नाहीत. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना दोन शब्दांतला फरक आठवलाच नाही, आणि ग्रुपवरच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, "छाटणी की तोड?"

बुचाच्या मुळांना फुटवे येतात. यंदा पावसानंतर भिंतीपाशी पाच-सहा वर आले, त्यातला एक कमरेइतका झाला आहे. आई आता ब्याऐंशीची आहे. ग्रुपवर ती सहसा काही लिहीत नाही, पण मागच्या रविवारी तिने लिहिलं आणि मला पाठवलं: "मागे बुचाचे फुटवे आहेत. सगळ्यात उंच आहे तो कोणीही तोडू नये. भिंतीवर रेलतात तेवढेच छाटावेत. छाटायच्या दिवशी मला खाली बोलवावे."