जुन्या गाडीचा टेप काढू नका, त्याला फोन जोडा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्यात बसणारा प्रत्येक पाहुणा फुकटचा सल्लागार होतो. सीटबेल्ट लावायच्या आधी डॅशबोर्डकडे बघणार आणि म्हणणार, "अरे, हा टेप अजून ठेवलायस? अँड्रॉइड टाकून घे की मस्त, दहा-बारा हजारात काम होतं." अँड्रॉइड म्हणजे टेपच्या जागी बसणारा मोठ्या पडद्याचा स्टीरिओ. काम होतं म्हणजे नक्की काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. तेच आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची गाडी २००४ सालची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर टेप राहील बाजूला आणि कमेंटमध्ये मायलेजवरून भांडणं सुरू होतील. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, इंजिन ठणठणीत आहे. डॅशबोर्डमध्ये कंपनीनेच बसवलेला कॅसेट-रेडिओ आहे, डॅशबोर्डच्याच रंगाचा आणि त्याच वळणाचा. रात्री मीटरचे दिवे ज्या रंगात लागतात त्याच रंगात याची बटणं उजळतात. आवाजाचा गोल नॉब इतका मोठा आहे की घाटात नजर न हलवता हाताला सापडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या टेपमध्ये बिघडलेलं काहीच नाही. आत जो ॲम्प्लिफायर आहे तो आजही तितकाच चांगला आहे. दारातले स्पीकर शाबूत आहेत. फक्त २००४ साली खिशातल्या फोनमधून गाणी वाजतील हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, म्हणून फोनचा आवाज आत शिरायला वाट ठेवलेली नाही. प्रश्न त्या एका वाटेचा आहे, आणि त्यासाठी लोक अख्खं घर पाडायला निघतात.

"पण नव्यात पॉवर जास्त असते" हे हमखास ऐकू येतं. खोक्यावर ४५ वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं ना, तो आकडा कमाल मर्यादेचा, तोही आवाज फाटल्यावरचा. गाडी चालू असताना तारेत साधारण १४ व्होल्ट असतात. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात वीसेक वॅटच्या वर फारसं काही निघत नाही, मग टेप जुना असो की नवा. जास्त हवं असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लावावा लागतो. म्हणजे पडदा मोठा झाला, आवाज तेवढाच राहिला.

आता फोन जोडायचा कसा? सगळ्यात जास्त खपतो तो एफएम ट्रान्समीटर, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय तोच. लायटरच्या खाचेत खुपसायचा, फोन ब्लूटूथने जोडायचा, आणि रेडिओवर ८७.५ किंवा तसली एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी लावायची. तो बिचारा आपल्या गाडीपुरतं एक चिमुकलं रेडिओ स्टेशन चालवतो. कल्पना झकास आहे. पण एफएमची खोड अशी की एकाच जागी दोन स्टेशनं आली तर दोन्ही मिसळून ऐकू येत नाहीत, ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला दाबून टाकतो. पुण्यात जी जागा रिकामी मिळते ती लोणावळ्यापर्यंत नीट चालते. घाट उतरून पनवेलकडे लागलात की मुंबईची स्टेशनं चढायला लागतात आणि ऐन तानेच्या मध्ये पंख्याची जाहिरात घुसते. चालवता चालवता नवी फ्रिक्वेन्सी शोधायची, आधी ट्रान्समीटरवर आणि मग रेडिओवर, म्हणजे अपघाताला आमंत्रण. गंमत म्हणजे भाताणच्या बोगद्यात शिरलं की आवाज एकदम स्वच्छ होतो, कारण बाहेरचं सगळं तुटलेलं असतं. मग काय, बोगद्यात मुक्काम करायचा? खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना आमच्या रेडिओवर अचानक कुणाचा तरी हरिपाठ सुरू झाला होता. शेजारच्या जीपवाल्याने फॅक्टरीतून आली ती फ्रिक्वेन्सी बदललीच नव्हती, आणि आमच्या मेव्हण्यानेही. हरिपाठ छान होता, तो भाग वेगळा.

ज्यांच्याकडे दुसरा इलाजच नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. बॉनेटवरची किंवा टपावरची ओढायची एरियल असेल तर ती खाली दाबून ठेवा. बाहेरची स्टेशनं कमजोर पडतात, आतला ट्रान्समीटर जवळ असल्यामुळे जिंकतो. आणि ट्रान्समीटर असो की आणखी काही, फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून बाकीचं टेपच्या नॉबवर करा. उलटं केलंत तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते.

कॅसेटवाला टेप असेल तर तुम्ही नशीबवान आहात, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही. कॅसेट ॲडॉप्टर नावाची चीज आहे, काही शे रुपयांत मिळते. दिसायला साधी कॅसेट, कडेतून एक वायर बाहेर येते, टोकाला हेडफोनची ३.५ मिमीची पिन. आत टेपची फीत नाहीच. फीत जिथे डेकच्या, म्हणजे टेपमधल्या कॅसेट वाजवणाऱ्या भागाच्या, हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या तुकड्याला) घासून जाते नेमक्या त्या जागी ॲडॉप्टरमध्ये एक छोटं हेड बसवलेलं असतं. फोनमधून आलेला सिग्नल त्यात चुंबकीय चढउतार तयार करतो, आणि समोरचं डेकचं हेड ते वाचतं. त्याला वाटतं सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या ठरल्या वेगाने फीत चालली आहे. १९६३ साली फिलिप्सने ही कॅसेट आणली तेव्हा असल्या फसवणुकीचा विचार कुणी केला नसणार, पण प्रमाणित आकाराचा हाच फायदा असतो. साठ वर्षांनीही आत काहीतरी बसतं.

यात बारकावे आहेत, आणि बहुतेक लोक तिथेच वैतागून ॲडॉप्टर फेकून देतात. पहिलं म्हणजे डॉल्बी. जुन्या डेकवर डबल-डी चं चिन्ह असलेलं बटण असतं, ते बंद करा. ते फितीची सुरसुर कमी करण्यासाठी आहे, डॉल्बी लावून रेकॉर्ड न केलेल्या आवाजावर चालू ठेवलं तर झांजा, सनई, सगळं गोधडीत गुंडाळल्यासारखं येतं. दुसरं, ऑटो-रिव्हर्स. डेकला चाकं फिरताना जाणवली नाहीत तर त्याला वाटतं एक बाजू संपली, आणि तो बाजू बदलतो. मग परत बदलतो. मग कॅसेट थुंकतो. म्हणून ॲडॉप्टरच्या आत दोन्ही चाकांना जोडणारे प्लास्टिकचे दाते असतात, आणि त्यांचीच ती कटकट ऐकू येते. इंटरनेटवर लोक सांगतात, दाते काढून टाका. काढा, पण ऑटो-रिव्हर्स नसलेल्या, चाकाकडे लक्षच न देणाऱ्या डेकमध्येच. बाकीच्यांत दात्यांना अगदी टिपूसभर ग्रीस लावलं की पुरतं. तिसरं, आवाज एकाच बाजूने किंवा दबका येत असेल तर बाजू बदलायचं बटण दाबून बघा, ॲडॉप्टरचं हेड बऱ्याचदा एकाच दिशेला नीट जुळतं. आणि मुख्य म्हणजे डेकचं हेड साफ करा. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हेडवर आणि त्या रबरी चाकाशेजारच्या धातूच्या दांडीवर फिरवा. आमच्या डेकमधून पहिल्या वेळी कापूस चहाच्या रंगाचा बाहेर आला. वीस वर्षांच्या भावगीतांचा आणि गणपतीतल्या आरत्यांचा तो गाळ.

हे सगळं केल्यावर जो आवाज येतो तो ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी भरदार असतो, आणि पनवेल आलं म्हणून बदलत नाही. थोडी सुरसुर राहते. खिडकी बंद करून गाडी उभी असेल तरच ऐकू येते, आणि गाडी काही आपण उभी करून ऐकायला घेतलेली नसते.

अडचण आता डेकची नाही, फोनची आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि पाठोपाठ बाकीच्या बऱ्याच जणांनीही ते बुजवलं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा टेप सहकार्य करतो आणि ऐंशी हजारांचा फोन म्हणतो, आधी डोंगल आण. टाइप-सी चं डोंगल, म्हणजे हेडफोनची पिन लावायचा छोटा जोड, घेताना ज्यात स्वतःचा डीएसी (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) आहे तेच घ्या. सगळ्यात स्वस्त, नुसती तार जोडलेली डोंगलं पुष्कळ फोनवर मुकी राहतात. हा खर्च टेपच्या नावावर टाकू नका एवढीच विनंती.

२००६-०७ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, भोक असतं, आणि ते असेल तर प्रश्नच मिटला. लोकांना ते सापडत नाही हा भाग वेगळा, कधी आर्मरेस्टच्या डब्यात असतं, कधी ग्लोव्हबॉक्सच्या आत. साधी वायर लावा, किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर. फक्त एक त्रास ठरलेला. फोन किंवा रिसीव्हर गाडीतच चार्जिंगला लावला की बारीक कुंईई असा आवाज सुरू होतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूरही चढतो. लोक टेपला शिव्या घालतात. टेपचा त्यात दोष नाही. चार्जर आणि ऑक्स दोन्हींचं अर्थिंग दोन वेगळ्या रस्त्यांनी गाडीच्या बॉडीला जातं, त्या वेढ्यात अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) भुणभुण शिरते. आधी चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मध्ये लावा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पार होतं, अर्थिंगची तार तुटते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. फार स्वस्त घेतलीत तर ढोलकीचा खर्ज जरा पातळ होतो.

यूएसबी असूनही फोन वाजत नाही ही तक्रार कायम येते. फोन चार्ज होतो, स्क्रीनवर मात्र 'नो डिव्हाइस'. कारण त्या टेपला फक्त पेनड्राइव्हच कळतो. २०११ च्या आसपास अँड्रॉइड फोनांनी पेनड्राइव्हसारखं वागणं सोडलं आणि एमटीपी नावाची दुसरी भाषा धरली, ती जुन्या टेपला येत नाही. त्यात गाणी टाकून पेनड्राइव्हच लावा, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून. तसंच ब्लूटूथचं. काही गाड्यांत कॉल येतो, गाणं येत नाही. त्यांच्यात फक्त हँड्सफ्रीची सोय दिलेली असते, गाण्यासाठी लागणारी ए-टू-डीपी नसते. फोन बदलून काही होणार नाही.

डिक्कीत सहा सीडींचा चेंजर असलेल्या गाड्यांना अजून एक राजेशाही वाट आहे. टेपच्या पाठीमागे चेंजरचा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, असतो. तिथे लावायची छोटी पेटी मिळते, ती टेपला सांगते "मीच चेंजर," आणि तुमचा फोन वाजवते. तुमच्या टेपच्या मॉडेलची बघून घ्या, एकाची दुसऱ्याला चालत नाही. डॅशबोर्डवर एकही भोक पाडावं लागत नाही.

आता अँड्रॉइड टाकण्याविषयी. पडदा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. रिव्हर्स कॅमेरा हवा असेल, रोज मॅप लागत असेल तर घ्या. पण काम कसं होतं ते बघा. एका मित्राने एका ॲक्सेसरीजवाल्याकडे बसवून घेतला. मूळ कपलरला जुळणारा हार्नेस (तयार तारांचा जोड) बाजारात मिळत असताना त्या कारागिराने कपलर सरळ कापला आणि तारा पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळली. स्टीअरिंगवरची बटणं मेली. वर कायम करंट असलेली पिवळी आणि चावीबरोबर चालू होणारी लाल, या दोन्ही एकत्र पिळल्या, म्हणजे गाडी बंद करूनही स्टीरिओ झोपतच नव्हता. सोमवारी सकाळी बॅटरी ठार. दोष बॅटरीचा म्हणून त्याने नवी बॅटरीही घेतली. आणि मूळ टेप? "तो काय कामाचा साहेब," म्हणून दुकानातच राहिला. आज त्याला तो परत हवाय आणि भंगारात शोधतोय.

रात्रीचं तर बोलायलाच नको. घाटात समोरून ट्रकचे दिवे आणि बाजूला नऊ इंची पांढरा पडदा. आवाज कमी करायला काचेवर बोट फिरवायचं, आणि बोट कुठे पडलं ते बघायला मान वळवायची. नॉबला हे लागत नव्हतं.

बदलायचंच ठरवलंत तर जुळणारा हार्नेस आणि फ्रेम आधी हातात घ्या, तार कापू देऊ नका, आणि मूळ टेप फेसप्लेटसकट घरी आणा. माळ्यावर पडू दे.

आणि जे माझ्यासारखे टेप ठेवणार आहेत त्यांनी आज एक काम करा. ग्लोव्हबॉक्समधलं ओनर्स मॅन्युअल काढा आणि त्यात रेडिओ कोडचं कार्ड आहे का बघा. बऱ्याच मूळ टेपना चोरीपासून बचाव म्हणून कोड दिलेला असतो. बॅटरी काढली की टेप स्क्रीनवर 'कोड' किंवा 'सेफ' दाखवून अडून बसतो, आणि चुकीचे आकडे दाबत राहिलात तर अजून घट्ट बंद होतो. कार्ड सापडलं तर फोटो काढून ठेवा. नसेल तर बॅटरी बदलायच्या आधी सर्व्हिस सेंटरला गाडीचे कागद दाखवून कोड मागा. टेपचा सीरियल नंबर लागतो, आणि तो बहुधा टेपच्या पाठीवर चिकटवलेला असतो. म्हणजे तो बाहेर काढायला लागेल, तेवढं त्यांच्याकडूनच करून घ्या.