एकच टाकी, तीन पाट्या: लोणीच्या पेट्रोलवरच्या फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो. सारांश असा: पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या डेपोत (टँकर भरायच्या साठवण केंद्रात) इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांच्या पंपांसाठी एकच पेट्रोल भरलं जातं, म्हणजे ब्रँड ही धूळफेक, एकाच नळीतून पेट्रोल-डिझेल येतं म्हणजे भेसळ ठरलेली, भाव सारखा म्हणजे संगनमत, आणि तिघांची एक कंपनी केली की भाव उतरेल. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. त्यावर रचलेले चार निष्कर्ष टिकत नाहीत.

आधी खरं ते. या कंपन्या एकमेकांच्या डेपोतून माल उचलतात, ही देशभर चालणारी उघड व्यवस्था आहे. मुंबईत माहुलला हिंदुस्तान आणि भारत पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या आहेत, दोन्ही १९५० च्या दशकातल्या. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही. तिचा माल गुजरातेत कोयलीला, उत्तरेत पानिपत आणि मथुरेला तयार होतो. मग कोयलीचं पेट्रोल पुण्याला आणायचं आणि माहुलचं उत्तरेत न्यायचं, असा उलटसुलट प्रवास कशाला? इथे एकाने द्यायचं, तिथे दुसऱ्याने, आणि हिशोब १५ अंश सेल्सिअसला मोजलेल्या लिटरवर मिटवायचा. १५ अंशांची अट महत्त्वाची, कारण पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. २०,००० लिटरच्या टँकरमध्ये १० अंशांच्या फरकाने २४० लिटर 'वाढतात'. ही दुरुस्ती नसती तर अदलाबदल पहिल्याच उन्हाळ्यात भांडणात संपली असती.

आता 'एकाच नळीतून येतं म्हणून भेसळ'. मुंबई–पुणे–सोलापूर ही हिंदुस्तान पेट्रोलियमची पाइपलाइन आहे. तिच्यातून पेट्रोल आणि डिझेल एकामागोमाग बॅचने जातात, मध्ये भिंत नसते. दोन बॅचच्या सीमेवर थोडा माल मिसळतोच. त्याला इंटरफेस म्हणतात. प्रवाह जोरात, घुसळत राहिला तर हा पट्टा आखूड राहतो. पंपिंग मंदावलं की तो लांबत जातो.

घाटात आणखी एक भानगड. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. नुसती ही उंची चढवायला पेट्रोलला सुमारे ४१ बार दाब लागतो, डिझेलला ४६ च्या आसपास, घर्षणाचा वेगळा. चढावर पेट्रोल पुढे आणि डिझेल मागे असताना लाइन थांबली तर फारसं बिघडत नाही, कारण जड माल खालीच आहे. उलटा क्रम असेल, म्हणजे डिझेल वर आणि पेट्रोल खाली, तर डिझेल उतारावरून पेट्रोलमध्ये घसरतं आणि इंटरफेस वाढत जातो. म्हणून असा जोड चढावर असताना लाइन थांबवणं टाळतात.

डेपोच्या अलीकडे डेन्सिटी म्हणजे घनता मोजणारा मीटर लावलेला असतो. आकडा बदलायला लागला की व्हॉल्व्ह फिरवून मधला माल वेगळ्या टाकीत घेतात. तो पुढे प्रयोगशाळेच्या परवानगीने अगदी थोड्या प्रमाणात चांगल्या मालात मुरवतात किंवा रिफायनरीकडे परत पाठवतात. यात ढिलाई चालत नाही: डिझेलमध्ये एखादा टक्का पेट्रोल गेलं तरी फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते, कोसळतो, आणि पेट्रोलमध्ये डिझेल शिरलं तर शेवटचा उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला शेवटचा जड अंश उकळतो तो) २१० अंशांची मर्यादा ओलांडतो. दोन्ही चाचण्यांत हे लपत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल (एक अल्कोहोल) तर या लाइनमध्ये घालतच नाहीत, ते पाणी ओढतं. ते वेगळं येतं आणि डेपोतच मिसळतात.

गाडीत पाणी निघालं की डेपोला शिव्या पडतात, पण आधी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीकडे बघावं. पावसाळ्यात मॅनहोलच्या झाकणातून पाणी झिरपतं. इथेनॉल थोडं पाणी धरून ठेवतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाला बसतो. टाकीत बुडवायच्या मोजपट्टीला लावतात ती, पाणी लागलं की रंग बदलणारी साधी वॉटर पेस्ट हा थर नीट दाखवत नाही, इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट वापरावी लागते. जुनी पेस्ट वापरणारा पंपवाला रोज पट्टी बुडवून बघूनही फसतो.

शंका असेल तर पंपावर डेन्सिटी मागा. बीएस-६ (प्रदूषणाच्या भारतीय मानकाच्या) पेट्रोलची मर्यादा १५ अंशांना ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर. टँकरच्या चलानवरचा आकडा आणि पंपावरचा आकडा यांत ३ पेक्षा जास्त फरक नको. मात्र हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या काचेच्या नळीवर) दिसलेला आकडा थेट ताडून पाहू नका: १५ अंशांना ७४५ असलेलं पेट्रोल ३० अंशांना साधारण ७३२ दाखवतं. तक्त्यातून दुरुस्ती न करता काढलेले 'भेसळ पकडली'चे व्हिडिओ आम्ही मनावर घेत नाही. मापाची शंका असेल तर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो.

'ब्रँड ही धूळफेक' यात अर्धं तथ्य आहे. साध्या पेट्रोलला सगळ्यांना एकच भारतीय मानक लागू, त्यामुळे पाटी बदलून मायलेज बदलणार नाही. काही प्रीमियम पेट्रोल म्हणजे साध्यातच, टँकर भरताना, किलोलिटरला काही शे मिलिलिटर अ‍ॅडिटिव्ह. १०० ऑक्टेनचं (इंजिनात वेळेआधी न पेटण्याच्या क्षमतेचा हा आकडा) मात्र मुळात वेगळं तयार होतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेन मागितलेलं नसेल तर आमच्या मते जादा पैसे वाया.

संगनमताबद्दल: पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये कागदोपत्री मुक्त झाला, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज बदलू लागला. तरी २०२२ नंतर तो महिनोन्‌महिने हलला नाही. ही तक्रार रास्तच आहे. पण तिन्ही कंपन्यांत सगळ्यात मोठा वाटा सरकारचा (हिंदुस्तान पेट्रोलियममधला २०१८ पासून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीमार्फत), आणि भावात करांचा हिस्सा मोठा. भाव थिजण्याचं कारण तिथे शोधावं, लोणीच्या टाकीत ते सापडणार नाही.

उरलं विलीनीकरण. पाइपलाइनमधली ५,००० किलोलिटरची एक बॅच म्हणजे २०,००० लिटरचे २५० टँकर बोरघाटातून कमी. ही बचत अदलाबदलीमुळे तिघांनाही आजच मिळते, त्यासाठी पाटी एक करायची गरज नाही. सामायिक व्यवस्थेची खरी किंमत दुसरी आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही: एक दुवा तुटला की तिघेही थांबतात. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांच्या संपाने टँकर थांबले तेव्हा राज्यात ठिकठिकाणी रांगा लागल्या, आणि पाटी कोणती हे कोणी बघत नव्हतं. कंपन्यांना विचारायचंच असेल तर हे विचारा: लाइन बंद पडली तर लोणीत किती दिवसांचा साठा आहे, आणि तो तिघांत कोणत्या क्रमाने वाटला जाईल?