खुलासा: डोकं दुखत नसलं तरी चक्कर मायग्रेनची असू शकते

‘डोकं दुखत नाही म्हणजे मायग्रेन नाही, चक्कर मानेच्या मणक्यामुळेच’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. वेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये (मायग्रेनचा असा प्रकार, ज्यात मुख्य त्रास चक्करेचा असतो) चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकते, तोल जातो. प्रत्येक वेळी डोकं दुखेलच असं नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते, उजेड-आवाज नकोसा होतो. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, मग घरचे म्हणतात ‘मनाचे खेळ’! निदान मुख्यतः लक्षणांच्या इतिहासावरूनच होतं. त्याचे निकष २०१२ साली ठरले. अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद गरगरलं, तर बहुधा कानातले बारीक खडे सरकलेले असतात. पण अचानक बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.