15 ऑगस्टला देशभक्त कसं दिसावं

देशावर प्रेम आहे ना? मग ते नाशिकच्या गंगापूर रोडला ऐकू यायला नको का? म्हणून आधी बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवून घ्या.

झेंड्याची काठी अशी लांब घ्या, की वळताना मागच्याच्या डोळ्यात गेली पाहिजे. ट्रिपल सीट बसा. हेल्मेट नको, फेटा मोडतो. सिग्नल लाल असेल तर घोषणा द्या, म्हणजे तो तोडला असं होत नाही. राँग साइडने घुसा. समोरून कुणी आईला दवाखान्यातून स्कूटरवर घरी नेत असेल, तर त्याच्या चाकाला चाक भिडवा आणि वर त्यालाच सुनवा, "काका, आज तरी साइड द्या, देशासाठी निघालोय!" कुठे निघाला होतात रे देशासाठी? कॉलेज रोडला वळसा घालून अख्खी रॅली मिसळीच्या दुकानासमोर उतरली, डोळ्यांनी पाहिलं मी. तिथे मात्र रांगेत उभे होतात सगळे, शिस्तीत. रश्श्यासाठी!

असो. सोसायटीचं झेंडावंदन आठला असेल तर साडेआठला या. जिलेबी तेव्हाच येते.

राष्ट्रगीताला 52 सेकंद लागतात. तेवढ्यात सेल्फी होतो.

भाषण करायला मिळालं तर अनंत कान्हेरे घ्या. 1909, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. हमखास टाळ्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रहही याच गावात झाला, 1930 साली, पण तो विषय काढू नका. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी घड्याळ बघायला लागतात.

झेंडा पॉलिस्टरचा चालतो, 2021 च्या शेवटी तशी मुभा मिळाली. प्लास्टिकचा चालत नाही, म्हणून सिग्नलवरून तोच घ्या. संध्याकाळी तो गटाराच्या जाळीत खोचून ठेवा. पाऊस असतोच, पुढचं तो बघतो.

सुट्टी जोडून आली तर थेट भंडारदरा.

मला देशाचं काही वाटत नाही असं समजू नका. शाळेच्या मैदानावर पोरं 'जन गण मन' म्हणायला लागली की अजून गळा दाटून येतो. आणि फाटकाबाहेर तुमचा तो सायलेन्सर फुटला की त्याच गळ्यातून शिवी येते. एकाच सकाळी दोन्ही. याला जबाबदार तुम्ही आहात, मी नाही.

कान्हेरे फासावर गेले तेव्हा विशीचेही नव्हते. तुमच्याच वयाचे. आणि तुम्हाला लाल दिव्याला मिनिटभर थांबवत नाही? माझी आई त्या धक्क्याने घरी येईपर्यंत थरथरत होती. "आजी, लागलं का?" एवढं विचारायला तोंड उघडलं नाही एकाचंही, घोषणांना बरं उघडतं! चाकात अडकलेला तो झेंडा आधी सोडवा, नीट घडी घालून घरी न्या. आणि जुना सायलेन्सर परत बसवा. बापाच्याच पैशाचा होता ना तो?